जीनगराच्या हाती जर्मनीचे राज्य

आमच्या भागातील कोणत्याही शाळेत जावे आणि वरच्या वर्गातील पोरांस विचारावे, "बाळांनो, जर्मनीच्या एका तरी राज्यकर्त्याचे नाव सांगा." सबंध वर्ग एका सुरात ओरडेल, "हिटलर!" पोरांचा यात दोष नाही. पुण्यात फुटपाथवरच्या पुस्तकांच्या ढिगात त्याचे आत्मचरित्र मराठीत मिळते आणि चांगले खपते. पण पोरांचे सोडा. पारावर तंबाखू मळीत बसलेले जाणते बाप्ये, कोठे उसाचे बिल थकले, कोठे कालव्याचे आवर्तन चुकले, की मान हलवून म्हणतात, "गुरुजी, या देशाला एक हिटलरच पाहिजे."

आम्ही त्यांस उलट विचारतो, "हिटलर ज्या खुर्चीवर जाऊन बसला, तीवर लोकांच्या प्रतिनिधींनी पहिल्याने बसविला तो माणूस कोण होता?" पार गप्प होतो. उसाच्या गाड्या जातात, पुणे-सोलापूर लोहमार्गावरून पॅसेंजर निघून जाते, पण उत्तर येत नाही.

तर वाचकहो, तो माणूस जीनगर होता. घोड्याचे जीन, खोगीर, तंग, लगाम शिवणारा. त्याचा बाप शिंपी. नाव फ्रीड्रिख एबर्ट. कैसराच्या साम्राज्याचा डोलारा कोसळला, त्या जागी १९१९ साली जर्मनीत पहिले प्रजासत्ताक उभे राहिले आणि त्याचा पहिला राष्ट्राध्यक्ष हा आरी-दाभणाचा धनी झाला. शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या घरात वाचावी अशी ही हकीकत आहे, आणि ती गोड नाही हे आधीच सांगून ठेवतो.

एबर्टचा जन्म ४ फेब्रुवारी १८७१ चा. त्याच वर्षी १८ जानेवारीस व्हर्सायच्या राजवाड्यात जर्मन साम्राज्याची द्वाही फिरली होती. म्हणजे साम्राज्य आणि हे पोर यांच्या वयात अवघ्या सतरा दिवसांचे अंतर. गाव हायडेलबर्ग. जसे आपले पुणे, तसे ते विद्येचे माहेरघर. तेथील विद्यापीठ १३८६ सालचे. पण शिंप्याच्या घरी नऊ मुले जन्मलेली, त्यातला हा सातवा. त्याने विद्यापीठाच्या भिंतीकडे बाहेरूनच पाहावयाचे. चौदा वर्षांचा झाला आणि जीनगराकडे उमेदवारीस लागला.

तिकडे अशी रीत होती की, उमेदवारी संपली म्हणजे कारागिराने बोचके पाठीला मारून गावोगाव हिंडावे, मिळेल तेथे काम करावे आणि धंद्यात हात तयार करावा. एबर्टही हिंडला. मानहाइमला १८८९ साली तो समाजवादी पक्षात व जीनगरांच्या कामगार संघात शिरला. त्या वेळी बिस्मार्कचा समाजवाद्यांविरुद्धचा कायदा चालू होता. सभा बंद, पत्रे बंद, पोलीस मागावर. पोर जेथे जाई तेथे चार कारागीर जमवून संघ काढी, आणि संघ निघाला की मालक त्याला काढी. मालकांनी नावे टिपून ठेवावी, एका गावी काढलेल्यास दुसऱ्या गावी काम मिळू नये असा बेत करावा, ही विद्या तेथेही पक्की होती. असा फिरत फिरत तो १८९१ साली ब्रेमेन बंदरास येऊन स्थिरावला. १८९४ साली लुईझे नावाच्या एका मजुराच्या मुलीशी त्याने लग्न केले. तीही घरकाम करून पोट भरणारी आणि कामगार संघात वावरणारी.

आता एक गोष्ट अशी की, पोटासाठी त्याने ब्रेमेनला बिअरचा गुत्ता चालविला. आम्ही दारूचे कट्टे वैरी आहोत हे या पत्राच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु सांगावयाचे ते खरे सांगितले पाहिजे. त्या गुत्त्यात कामगार जमत, आणि एबर्ट त्यांचे कागद वाची. हे नीट लक्षात घ्या. बिस्मार्कने एका हाताने समाजवाद्यांस दाबले, पण दुसऱ्या हाताने आजारपणाचा विमा १८८३ साली, अपघाताचा १८८४ साली आणि म्हातारपणाचा १८८९ साली असे कायदे केले. कायदा झाला, पण यंत्रात बोट गेलेल्या मजुराला अर्ज कोठे करावा, कोणत्या कलमाखाली करावा, मुदत किती, हे कोण सांगणार? आपल्याकडे पीकविम्याचे जे होते तेच. एबर्ट ती कलमे स्वतः शिकला. तो कॉलेजात गेला नव्हता; कायद्याची पुस्तके आणून, वर्तमानपत्राच्या कचेरीत बसून, चुकत माकत शिकला. पुढे १९०० साली ब्रेमेनच्या कामगार संघांनी त्यास पगारी चिटणीस नेमले, काम हेच: मजुरांस कायद्याचा सल्ला देणे. त्याच सुमारास तो तेथील विधिमंडळातही निवडून गेला.

१९०५ साली पक्षाने त्यास बर्लिनला मध्यवर्ती कचेरीत नेले. लाखो मजुरांचा तो पक्ष, पण त्याची कचेरी मारवाड्याच्या जुन्या पेढीसारखी! एबर्टने टेलिफोन आणविला, टंकलेखनाची यंत्रे आणविली, सभासदांच्या याद्या नीट लावल्या. त्याचे भाषण ऐकून कोणाच्या अंगावर रोमांच उभे राहत नसत. कामाचा माणूस होता तो. १९१२ साली तो राइशटागात, म्हणजे लोकसभेत, निवडून गेला. पुढच्या वर्षी पक्षाचा जुना पुढारी आउगुस्ट बेबेल वारला, तोही मूळचा लाकडाचा कातारी, आणि पक्षाच्या दोन अध्यक्षांपैकी एक एबर्ट झाला. कातारी गेला, जीनगर आला.

मग १९१४ चे महायुद्ध. कैसराच्या युद्धखर्चास ४ ऑगस्ट रोजी समाजवाद्यांनीही मते दिली, त्यात एबर्ट होता. आमच्या मते ही त्याच्या पक्षाची मोठी घसरगुंडी. पण युद्धाला हात वर करून स्वतःची पोरे घरी लपविणारा तो नव्हता. त्याचे दोन मुलगे, हाइनरिख आणि गेओर्ग, १९१७ साली काही महिन्यांच्या अंतराने रणांगणावर पडले. हे दोन मुलगे वाचकांनी स्मरणात ठेवावे. पुढे त्यांचे काम आहे.

१९१८ च्या शरदात जर्मनीचे सैन्य हरले. लोक उपाशी, शिपाई बिथरलेले, बंदरातील खलाशांचे बंड झालेले. ९ नोव्हेंबर रोजी शेवटचा राजनियुक्त चॅन्सलर प्रिन्स माक्स याने राज्यकारभार एबर्टच्या स्वाधीन केला. त्याच दुपारी त्याच्या पक्षाच्या शायडेमानने राइशटागाच्या खिडकीतून प्रजासत्ताकाची घोषणा करून टाकली. एबर्ट त्याच्यावर रागावला! त्याचे म्हणणे, हे ठरविणे निवडून येणाऱ्या घटना समितीचे काम आहे. कायद्याने चालणारा माणूस तो. क्रांती दारात येऊन उभी राहिली तरी तिला म्हणाला, आधी अर्ज भर. दुसऱ्या दिवशी कैसर हॉलंडात पळाला. पुढे त्याच्या मागून सामानाचे ५९ आगगाडीचे डबे गेले. प्रजेच्या ताटात काही नव्हते, आणि धन्याच्या खाटा-पलंगांस ५९ डबे!

तीन दिवसांत, १२ नोव्हेंबरला, नव्या सरकारने जाहीरनामा काढला. वीस वर्षांवरील सर्व पुरुषांस आणि सर्व स्त्रियांस मताचा हक्क. आठ तासांच्या दिवसाची ग्वाही. आणि आम्हा शेतीवाल्यांनी विशेष ध्यानात घेण्यासारखे असे की, गडी-मोलकरणींचे जुने कायदे एका ओळीत रद्द. हे कायदे काय होते? जमीनदाराकडे राहिलेल्या सालगड्याने साल पुरे होण्याआधी वाडा सोडला तर पोलिसांनी त्यास धरून परत आणावे. गड्यांनी एकी करून काम थांबविणे हा गुन्हा. गिरणीतला मजूर संघ काढी, संप करी. शेतावरच्या गड्यास ते स्वप्नातही नव्हते. शेकडो वर्षांचे हे जोखड शिंप्याच्या पोराच्या सरकारने तीन दिवसांत उतरविले. त्या जानेवारीत निवडणूक झाली, तीत ३७ स्त्रिया घटना समितीत निवडून आल्या. ११ फेब्रुवारी १९१९ रोजी वायमार गावी भरलेल्या त्या समितीने ३७९ पैकी २७७ मतांनी एबर्टला राष्ट्राध्यक्ष निवडले.

हीच वर्षे आपल्याकडे कशी चालली होती ते पाहा. माँटेग्यू साहेबांच्या सुधारणांची चर्चा सुरू होती, कायदे कौन्सिलात कोणी जावयाचे हा वाद पेटला होता, आणि नांगर, तागडी, शिवणयंत्र चालविणाऱ्यांचे कौन्सिलात काय काम, अशा अर्थाचे लोकमान्यांचे उद्गार अथणीच्या सभेतून महाराष्ट्रभर गाजले होते. ते उद्गार ब्राह्मणेतर पत्रांनी पुढे वर्षानुवर्षे विसरू दिले नाहीत. त्या वेळी आमच्या कोणा लेखकास एबर्टचे उदाहरण तोंडावर फेकावयास सुचले असते तर काय बहार झाली असती! शिवणयंत्र चालविणाऱ्याच्या पोराने कौन्सिल राहू द्या, कैसराची जागा घेतली होती.

पण तिकडचे उच्च लोकही आपल्या इकडच्यांहून निराळे नव्हते. उमराव, सेनापती, प्राध्यापक, मोठे अधिकारी यांच्या पोटात एकच दुखत होते: खोगीर शिवणारा आमच्यावर राज्य करणार? त्याच्या नावाआधी 'जीनगराचा उमेदवार' अशी उपाधी लावून हसत. त्याचा पोशाख, त्याचे पोट, त्याच्या बायकोची चालचर्या, सर्वांवर टिंगल. ती बाई कधीकाळी मोलकरीण होती ना! तिने पाहुण्यांचा सत्कार नीटनेटका केला तरी कुजबुज चालू. १९१९ च्या उन्हाळ्यात एबर्ट समुद्रावर दोन दिवस विश्रांतीस गेला आणि चारचौघांसारखी चड्डी घालून पाण्यात उतरला. कोणी तरी छायाचित्र घेतले. २१ ऑगस्ट रोजी नव्या राज्यघटनेप्रमाणे त्याने अध्यक्षपदाची शपथ घेतली, आणि नेमक्या त्याच दिवशी बर्लिनच्या एका मोठ्या सचित्र साप्ताहिकाने ते चित्र मुखपृष्ठावर छापून विकले. मग काय! एका बाजूस बिल्ल्यांनी मढलेला कैसर, दुसऱ्या बाजूस ओली चड्डी घातलेला अध्यक्ष, अशी कार्डे छापून विरोधकांनी देशभर वाटली. तो कोठे दौऱ्यावर गेला की गर्दीतून चड्ड्या फडकवाव्या. देश बुडविला कैसराने आणि हसू झाले ते याचे, कारण याच्या अंगावर बिल्ले नव्हते.

आम्हास विचाराल तर या टिंगलीत खरी राजकारणाची मेख आहे. ज्यास लोकशाही नको असते तो उघडपणे तसे म्हणत नाही. तो म्हणतो, "लोकशाही चांगली हो, पण हा असला माणूस?" आमच्या गावकुसातही हे ऐकू येते. राखीव जागेवर एखादी न्हाव्याची वा वडाराची सून सरपंच झाली की तिच्या सहीवर विनोद होतात, ग्रामसभेत ती बोलावयास उठली की माणसे खाकरतात. आधीचा सरपंच अंगठेबहाद्दर होता तेव्हा मात्र कोणी हसत नव्हते, कारण त्याच्या फेट्याला तुरा होता.

एवढे सांगून आम्ही एबर्टची आरती करून लेख संपवू, असे कोणास वाटत असेल तर तसे नाही. त्याच्या हातून झाले ते मोठे नुकसानीचे झाले, आणि ते आमच्या लोकांनी समजून घेतले पाहिजे.

राज्य हाती आले त्याच्या दुसऱ्याच रात्री, १० नोव्हेंबरला, सेनापती ग्रोनरचा त्यास टेलिफोन आला. सैन्य तुमच्या पाठीशी उभे राहील. तुम्ही सेनाधिकाऱ्यांचा अधिकार राखा आणि उठाववाल्यांना आवरा. एबर्टने मान्य केले. सेनापती तेच राहिले. न्यायाधीश तेच राहिले. कचेऱ्यांतील मोठे अधिकारी बहुतेक तेच राहिले. पूर्वेकडील मोठ्या जमीनदारांच्या जमिनीला फारसा हात लागला नाही; गडी कायद्याने मोकळा झाला, पण जमीन धन्याचीच. खुर्ची जीनगराकडे आली आणि दप्तर जुन्याच वतनदारांकडे राहिले.

बरोबर त्याच साली, १९१८ मध्ये, कोल्हापुरात शाहू महाराजांनी काय केले? कुलकर्णी वतने बरखास्त करून पगारी तलाठी नेमले, आणि ते काम सर्व जातींच्या लोकांस खुले केले. महाराजांनी ओळखले होते की, गावाचे राज्य चावडीवर बसणाऱ्या पाटलाच्या हाती नाही. ते दप्तराच्या रुमालात बांधलेले आहे. त्याआधीच, १९०२ पासून, त्यांनी मागासलेल्या वर्गांस नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या, वसतिगृहे काढून पोरे शिकवून तयार केली होती. म्हणून वतन काढले तरी कारभार अडला नाही. आता कोणी म्हणेल, गुरुजी, महाराज छत्रपती होते, हुकूम काढला की झाले. एबर्टच्या डोक्यावर तर परचक्र होते, दोस्त राष्ट्रांचा वेढा होता, लाखो शिपाई रणांगणावरून परत आणावयाचे होते, भाकरीचा प्रश्न होता. हे आम्हास मान्य आहे. पहिल्या हिवाळ्यात त्यास जुन्यांवाचून गत्यंतर नसेलही. पण त्यानंतर सहा वर्षे होती.

जुन्या सैन्याच्या आधाराचा मोबदला लवकरच द्यावा लागला. जानेवारी १९१९ मध्ये बर्लिनच्या जहाल कामगारांनी उठाव केला. सरकारतर्फे नोस्केने तो मोडला; मोडण्यासाठी जुन्या अधिकाऱ्यांनी जमविलेल्या भाडोत्री पलटणी वापरल्या. १५ जानेवारीस त्यांनी रोझा लुक्झेम्बुर्ग आणि कार्ल लीब्कनेख्ट या पुढाऱ्यांस पकडून ठार मारले. खटला नाही, फैसला नाही. त्यानंतरच्या आठवड्यांत शेकडो कामगार मारले गेले. एबर्टने ते खून सांगितले नव्हते. पण खुन्यांस चाप लावण्याएवढी कठोर कारवाईही झाली नाही. कामगार चळवळीत त्या दिवशी जी फूट पडली ती पुढे हिटलर दारात आला तरी सांधली नाही.

आणि ज्या पलटणींवर भरवसा ठेवला त्यांनी काय केले? मार्च १९२० मध्ये त्यांतल्याच काहींनी बर्लिन घेतले आणि काप नावाच्या माणसास चॅन्सलर म्हणून बसविले. सरकारने सैन्यास बंड मोडावयास सांगितले, तर सेनाधिकारी आपल्या भाईबंदांवर गोळी झाडावयास तयार होईनात. एबर्टला मंत्र्यांसह राजधानी सोडून जावे लागले. शेवटी राज्य कोणी वाचविले? कामगारांनी. सबंध देशात संप झाला, आगगाडी बंद, दिवे बंद, नळ बंद. काप चार-पाच दिवसांत पळाला. पाटबंधाऱ्याचा दरवाजा मोठ्या साहेबाच्या सहीने नव्हे, तर चाक फिरविणाऱ्या चौकीदाराच्या हाताने उघडतो, तसेच हे. आणि बंडखोरांस शिक्षा? इतक्या मोठ्या राजद्रोहात न्यायालयाने अवघ्या एका पुढाऱ्यास तुरुंगात धाडले.

१९२३ हे साल तर दुष्काळात तेरावा महिना. खंडणी थकली म्हणून जानेवारीत फ्रेंचांनी ऱ्हूर खोऱ्यातील कोळशाचा मुलूख व्यापला. तेथील कामगारांस संपात पोसण्यासाठी सरकारने नोटा छापल्या, आणि छापीतच सुटले. नोव्हेंबरात एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क पडू लागले. जन्मभर साठविलेल्या पैशात पाव येईना. (आपले डॉ. आंबेडकर रुपयाच्या प्रश्नावर लंडनात प्रबंध लिहीत होते त्या सुमारास ते थोडा काळ जर्मनीत बॉनच्या विद्यापीठातही जाऊन आले. चलन बिघडले म्हणजे गरिबाचे काय होते याचा एवढा मोठा धडा त्या काळी दुसरीकडे कोठे मिळाला नसता.) त्याच नोव्हेंबरात म्युनिकमध्ये हिटलरचे पहिले बंड झाले आणि फसले. एबर्टने घटनेतील आणीबाणीचे ४८ वे कलम वारंवार वापरून, नवे चलन काढवून, देश कसाबसा सावरला. ते कलम त्याने लोकशाही राखण्यास वापरले. पुढच्यांनी तेच कलम तिचा गळा आवळण्यास वापरले. हत्यार करून ठेवले की ते पुढे कोणाच्या हाती जाईल याची खात्री देता येत नाही.

आता न्यायालयाचे ऐका. एबर्टवर चिखलफेक इतकी की, त्यास अब्रूनुकसानीचे दीडशेहून अधिक दावे लावावे लागले. त्यातला एक माग्डेबुर्गचा. एका वर्तमानपत्रवाल्याने लिहिले की, एबर्ट देशद्रोही आहे. कारण जानेवारी १९१८ मध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांत संप झाला त्या संपाच्या समितीत तो होता. एबर्टचे म्हणणे, मी समितीत गेलो ते संप लवकर मिटावा म्हणून. २३ डिसेंबर १९२४ रोजी निकाल लागला. न्यायाधीशाने वर्तमानपत्रवाल्यास अपमान केल्याबद्दल शिक्षा दिली, परंतु निकालात असेही लिहिले की, कायद्याच्या अर्थाने एबर्टने देशद्रोह केलाच आहे! देशाच्या चालू राष्ट्राध्यक्षास, ज्याची दोन पोरे त्याच देशासाठी मातीत गेली त्यास, त्याच्याच देशाच्या न्यायाधीशाने देशद्रोही ठरविले. आणि त्याच्या तीनच दिवस आधी, २० डिसेंबर १९२४ रोजी, म्युनिकच्या बंडाबद्दल पाच वर्षांची शिक्षा झालेला हिटलर शिक्षा सुनावल्यावर वर्षभरही आत न राहता तुरुंगातून सुटून घरी गेला होता. त्याच्यावर न्यायाधीश मेहेरबान; तो बोलतो तर मोठ्या राष्ट्रभक्तीचे बोलतो! दप्तर जुन्या हातात राहिले म्हणजे काय होते, याचा दाखला याहून मोठा कोठे शोधावा?

निकाल एबर्टच्या वर्मी बसला. अपिलाच्या तयारीत असताना पोटात दुखू लागले, तरी त्याने दुखणे अंगावर काढले. आंत्रपुच्छ सुजून फुटले होते. शस्त्रक्रिया झाली, पण उशिरा. २८ फेब्रुवारी १९२५ रोजी वयाच्या ५४ व्या वर्षी तो वारला. हायडेलबर्गला, ज्या गावात त्याचा बाप कपडे शिवीत असे, तेथेच त्यास पुरले.

त्याच्या जागी दोन महिन्यांत लोकांनी मते देऊन कोणास बसविले? फील्डमार्शल हिंडेनबर्ग यास. बिल्ले होते, मिशा होत्या, घराणे होते. आता कोणी हसले नाही. याच घरंदाज माणसाने ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलरला चॅन्सलर नेमले. आणि २ ऑगस्ट १९३४ रोजी हा म्हातारा मरताच हिटलरने त्याचीही खुर्ची आपल्या खुर्चीला जोडून घेतली. कामगार संघ त्याआधीच, मे १९३३ मध्ये, मोडले गेले होते, त्यांची घरे-पैसा जप्त झाला होता. शेतकऱ्याचे काय झाले? त्याची स्तुतिस्तोत्रे गायली गेली, आणि जमीन विकण्याचा वा गहाण टाकण्याचा त्याचा हक्क कायद्याने काढून घेतला. धान्याचा भाव, दुधाचा भाव सरकारी मंडळ ठरवू लागले. मग पोरे युद्धावर गेली ती लाखांनी परत आली नाहीत. साठ लाख ज्यूंची कत्तल झाली. १९४५ साली बर्लिनमध्ये विटेवर वीट उरली नाही. उसाचे बिल मिळावे म्हणून हिटलर मागणाऱ्यांनी हा हिशोब एकदा मांडून पाहावा. त्याच्या राज्यात बिल मागणारी सभाच भरली नसती.

एबर्ट वारला तेव्हा त्याच्या नावाने निधी निघाला, त्यातून मजुरांच्या गरीब मुलांस शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. १९३३ साली हिटलरने ती संस्था बंद केली. युद्धानंतर ती पुन्हा सुरू झाली आणि आजही आहे. त्याच्या जन्माच्या घरात आता स्मारक आहे. पुढे पश्चिम जर्मनीत १९५९ ते १९६९ हाइनरिख ल्युब्के राष्ट्राध्यक्ष झाला. तोही खेड्यातला, जोडे शिवून थोडी शेती करणाऱ्या बापाचा पोर.

राहता राहिली आमच्या दप्तराची गोष्ट. वतने कायद्याने जाऊन साठ-सत्तर वर्षे झाली. आता ग्रामपंचायतीत आपल्या लोकांच्या खुर्च्या आहेत, बायकांच्या निम्म्या आहेत. परंतु शेजारच्या एका गावी आम्ही पाहिले की, सरपंचबाई कोऱ्या ठरावावर सही करीत होती. मजकूर मागून कोणी लिहावयाचा, हे तिला ठाऊक नव्हते. आम्ही विचारले, "बाई, वाचून का सही करीत नाही?" ती म्हणाली, "गुरुजी, ती भाषाच कळत नाही. विचारले तर हसतात." बाई खोटे बोलत नव्हती. फेरफार, निर्लेखन, तांत्रिक मान्यता, उपयोगिता प्रमाणपत्र, हे शब्द तिच्या तोंडी नाहीत म्हणून तिची खुर्ची लाकडाची उरते.

म्हणून ब्रेमेनच्या त्या गुत्त्यातले निम्मे काम आम्ही उचलले आहे; बिअरचे निम्मे सोडून दिले. खुटबावास शाळेच्या पडवीत दर रविवारी सकाळी आठ ते दहा आम्ही कागद वाचावयास बसतो. सात-बारा, आठ-अ, फेरफाराची नोटीस, पीकविम्याचा अर्ज, पंचायतीचे अंदाजपत्रक. मागच्या रविवारी नऊ माणसे होती, त्यांत तीन बायका. एका लोहाराच्या घराच्या उताऱ्यावर त्याच्या मेलेल्या चुलत्याचे नाव अद्याप चालू आहे, ते कसे दुरुस्त करावयाचे यावर दीड तास गेला आणि अर्ज तेथेच लिहून झाला. ज्यास यावयाचे असेल त्याने आपला उतारा आणि चष्मा बरोबर आणावा. कागद-पेन आमच्याकडे आहे.

— एक प्राथमिक शिक्षक, खुटबाव, तालुका दौंड